संध्याकाळी ‘एला अँड लुई’ कसं ऐकावं

१६ ऑगस्ट १९५६ रोजी हॉलिवूडच्या कॅपिटॉल स्टुडिओत सहा कलावंत जमले आणि त्या एका दिवसात अकरा गाणी ध्वनिमुद्रित झाली. गायला एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग. लुईच्या हाती ट्रम्पेटही. पियानोवर ऑस्कर पीटरसन, गिटारवर हर्ब एलिस, डबल बासवर रे ब्राउन, ड्रम्सवर बडी रिच. आदल्याच रात्री एला आणि लुई दोघंही हॉलिवूड बोलच्या खुल्या रंगमंचावर गायले होते. निर्माता होता नॉर्मन ग्रान्झ. त्याने त्याच वर्षी काढलेल्या ‘व्हर्व्ह’ कंपनीकडून ही तबकडी ‘एला अँड लुई’ नावाने बाजारात आली. एकूण लांबी सुमारे ५४ मिनिटं.

‘जॅझ आपल्याला कळत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी. संध्याकाळी दिवे लागल्यावर ही तबकडी लावली की घर निवांत होतं, हा अनुभव लाखोंचा आहे. पण हा निवांतपणा आपोआप आलेला नाही. तो पट्टीच्या निवडीतून, लयीतून, वाद्यं किती आणि कोणती यातून आणि मायक्रोफोनच्या वापरातून घडवलेला आहे. हे सगळं कानांनी पकडता येतं, आणि त्यासाठी नोटेशन वाचता यावं लागत नाही.

‘स्टँडर्ड’ म्हणजे कोणती गाणी

या तबकडीवर एकही गाणं तिच्यासाठी रचलेलं नाही. सगळी आधीपासून लोकांच्या ओठांवर होती. ‘कान्ट वी बी फ्रेंड्स?’ हे १९२९चं, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या एका संगीत कार्यक्रमातलं. संगीत के स्विफ्ट हिचं. पुढच्याच वर्षी ब्रॉडवेच्या एका यशस्वी संगीतिकेला संपूर्ण संगीत देणारी ती पहिली स्त्री ठरली. ‘एप्रिल इन पॅरिस’ १९३२चं, तेही रंगभूमीवरचं. ‘चीक टू चीक’ आणि ‘इझन्ट धिस अ लव्हली डे’ ही अर्व्हिंग बर्लिनची दोन्ही गाणी १९३५च्या ‘टॉप हॅट’ या चित्रपटातली. ‘दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी’ आणि ‘अ फॉगी डे’ ही जॉर्ज व आयरा गर्श्विन या भावांची, दोन्ही १९३७च्या चित्रपटांमधली.

नाटक उतरलं, चित्रपट गेला, गाणी मात्र राहिली. वादकांना ती पाठ झाली, आणि कोणत्याही गावात चार अनोळखी वादक एकत्र आले तरी पट्टी ठरवून ती वाजवू शकत. अशा सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्याला जॅझमध्ये ‘स्टँडर्ड’ म्हणतात. श्रोत्याला चाल माहीत आहे, हे गायकाला माहीत असतं. म्हणूनच चाल कुठे वाकवली, कुठे एखादा शब्द उशिरा सोडला, यात गंमत येते. आपल्याकडे ओळखीची बंदिश नव्या गायकाकडून ऐकताना हेच होतं. बंदिश कोणती यापेक्षा आज ती कशी मांडली याकडे कान असतो.

मूळ नाटकांत अशा गाण्यांच्या आधी बोलल्यासारखा एक प्रास्ताविक तुकडा असे. त्याला ‘व्हर्स’ म्हणतात. त्यात ताल बहुधा सैल असतो. जॅझवाले तो बऱ्याचदा गाळतात, कधी ठेवतात. नव्या श्रोत्याचा गोंधळ इथेच होतो: व्हर्सलाच मुखडा समजून मात्रा मोजायला सुरुवात केली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. बास आणि ड्रम्स नियमित चालू झाल्याशिवाय मोजायला घेऊ नका.

बत्तीस बारचा हिशेब

बहुतेक स्टँडर्ड ३२ बारची असतात. एक बार म्हणजे इथे चार मात्रा. त्यामुळे गाण्याचं एक आवर्तन १२८ मात्रांचं होतं. या पूर्ण आवर्तनाला ‘कोरस’ म्हणतात. समूहगायनाशी त्याचा संबंध नाही. मिनिटाला साधारण ६५ मात्रांच्या संथ लयीत एक कोरस जवळजवळ दोन मिनिटं चालतो, १३० च्या लयीत एकच मिनिट.

या ३२ बारचे आठ-आठचे चार भाग पडतात. सगळ्यात प्रचलित मांडणीत पहिली चाल, पुन्हा तीच चाल नव्या शब्दांवर, मग वेगळी चाल, आणि शेवटी पहिली चाल पुन्हा. तिसऱ्या भागाला ‘ब्रिज’ म्हणतात.

सरावासाठी ‘स्टार्स फेल ऑन अलाबामा’ घ्या. १९३४चं हे गाणं. शीर्षकाचा संदर्भ नोव्हेंबर १८३३ मधल्या उल्कावर्षावाशी जोडला जातो. अमेरिकेत त्या रात्री इतक्या उल्का पडल्या की अलाबामात ती ‘तारे पडल्याची रात्र’ म्हणून पिढ्यान् पिढ्या लक्षात राहिली. सरावाला ते सोयीचं अशासाठी की मुख्य चालीच्या प्रत्येक भागाच्या शेवटच्या ओळीत गाण्याचं शीर्षक येतं. ब्रिजमध्ये शीर्षक येत नाही.

मोजायचं असं. बासच्या ठोक्यांबरोबर ‘एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार’ असं म्हणत जा. प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर ‘एक’ऐवजी त्या बारचा क्रमांक घ्यायचा. ‘आठ-दोन-तीन-चार’ झालं की एक भाग संपला. एक बोट दुमडा आणि पुन्हा एकपासून सुरू करा. चार बोटं दुमडली की कोरस पूर्ण. दोन बोटं दुमडल्यावर चाल एकदम निराळ्या दिशेला निघालेली ऐकू येईल, तो ब्रिज. ब्रिजच्या शेवटच्या दोन बारमध्ये पियानो आणि बास परतीची वाट धरतात आणि ओळखीची चाल पुन्हा पायांखाली येते. हे परत येणं एकदा जाणवलं की या संगीतातली अर्धी सुखाची जागा सापडली.

आवाजाबरोबर मोजू नका, फसाल. लुई जवळजवळ प्रत्येक ओळ उशिरा सुरू करतो, काही शब्द पटकन उरकतो, मग थांबतो. मोजणी नेहमी बासवर ठेवायची.

नियम मोडणारी गाणी

बत्तिशी अंगवळणी पडली की ‘मूनलाइट इन व्हरमाँट’ लावा. १९४४चं हे गाणं दोन बाबतींत अगदी वेगळं आहे. एक, त्यात यमकच नाही. दुसरं, मुख्य चालीचा प्रत्येक भाग आठऐवजी सहा बारचा आहे, आणि त्याचे शब्द पाच, सात, पाच अक्षरांच्या हायकूच्या मापात बसतात. ब्रिज मात्र नेहमीसारखा आठ बारचा. आठची सवय लागलेल्या कानाला प्रत्येक भाग थोडा आधीच संपल्यासारखा वाटतो, आणि तरी घाई कुठेच जाणवत नाही. हा परिणाम कवितेच्या मापातून आलेला आहे. शब्दांत कथा नाही, नुसती चित्रं आहेत. म्हणून एलाच्या स्वच्छ, सरळ स्वराला हे गाणं इतकं शोभतं.

‘अ फॉगी डे’ची मांडणी आणखी निराळी. तिथे ब्रिज नाही. पहिली चाल, दुसरी, पुन्हा पहिली, आणि मग शेवटचा वेगळा भाग. हा शेवटचा भाग दहा बारचा असल्यामुळे बेरीज ३४ होते. धुकं विरून ऊन पडल्याची ओळ नेमकी या वाढीव भागात येते. जादा दोन बारांमुळे त्या उन्हाला पसरायला जागा मिळते. शब्द आणि माप एकमेकांना इतके धरून असलेलं दुसरं उदाहरण या तबकडीवर नाही, असं माझं मत आहे.

‘चीक टू चीक’ तर ७२ बारचं. मुख्य चाल सोळा बारची, ती दोनदा. मग आठ बारचा एक तुकडा दोनदा. मग आठ बारचा तिसराच तुकडा, जिथे स्वरांचा रंग अचानक गडद होतो, कारण गाणं मेजरमधून मायनरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधाराच्या रंगातून कोमल गंधाराच्या रंगात जातं. आणि शेवटी पुन्हा सोळा बार. लुई सुरुवात करतो, एला नंतर येते. ३२ च्या अपेक्षेने मोजणारा इथे हमखास हरवतो. हरवलात तर मोजणी सोडा, त्या गडद तुकड्याची वाट पाहा. तो आला की पुढचे सोळा बार घरचे.

‘टेंडरली’ मुळात तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये रचलेलं, १९४६चं. जॅझवाले ते अनेकदा चार मात्रांत वाजवतात. या तबकडीवर ऐकताना तीन आणि चार दोन्ही मोजून पाहा. कोणतं कुठे बसतं ते कानच सांगेल.

पट्टीचा प्रश्न

स्त्री-पुरुषांचं द्वंद्वगीत म्हटलं की पहिली अडचण पट्टीची. पुरुष काळी एकमध्ये मोकळा गात असेल तर त्याच चालीसाठी बाईला काळी चार किंवा पाच सोयीची पडते. म्हणजे पाच स्वरांच्या आसपासचं अंतर. यावर उपाय तीनच: गाण्याच्या मध्ये पट्टी बदलायची, एकाने चाल वर-खाली वळवून गायची, किंवा एकाने दुसऱ्याच्या पट्टीत जुळवून घ्यायचं.

ग्रान्झने नंतर सांगितलं आहे की गाणी लुईनेच निवडावीत असा एलाचा आग्रह होता, आणि ती त्याच्या पट्टीत गायली, स्वतःला अडचणीची असली तरी. लुई तेव्हा ५५ वर्षांचा, एला ३९ची. तिच्यासाठी तो वडीलधारा होता. शब्दांविना स्वरांची उधळण करणारं ‘स्कॅट’ गाणं त्याने १९२६ मध्येच ध्वनिमुद्रिकेवर लोकप्रिय केलं होतं. या आदराचा सांगीतिक परिणाम मोठा झाला. एलाचा आवाज तिच्या इतर अनेक ध्वनिमुद्रणांपेक्षा इथे खालच्या भागात राहतो. त्या भागात तिच्या स्वराला ऊब आहे, तार सप्तकाची चकाकी कमी आहे. संध्याकाळी हे गाणं कानाला टोचत नाही याचं एक ठोस कारण हे.

लुईचा घोगरा आवाज आणि एलाचा तुकतुकीत आवाज यांचा विरोध सगळ्यांनाच जाणवतो. त्यापेक्षा बारकाईने ऐकण्यासारखं आहे ते दोघांचं चालीशी वागणं. एला पहिल्यांदा चाल संगीतकाराने लिहिली तशी, जवळजवळ जशीच्या तशी ठेवते आणि फिरून आल्यावर बदल करते. लुई पहिल्यापासूनच चाल आवळतो: जिथे रचनेत पाच वेगवेगळे स्वर आहेत तिथे एकाच स्वरावर चार शब्द म्हणतो आणि पाचव्यावर उतरतो. हे त्याच्या ट्रम्पेटवादनातून आलेलं आहे. तो गातो तसंच वाजवतो: थोडे स्वर, प्रत्येकाला वजन, आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. दुसरा गात असताना मागून तो गुणगुणतो, एखादा शब्द टाकतो. ते कधीही मुख्य ओळीवर चढत नाही, ओळीच्या शेवटच्या फटीत बसतं.

चौघांनी काय केलं, काय टाळलं

पीटरसन, एलिस आणि ब्राउन ही तेव्हाची नावाजलेली त्रयी होती आणि ती ड्रम्सशिवाय वाजवत असे. त्यामुळे ताल धरण्याची जबाबदारी गिटार आणि बास आधीपासूनच उचलत होते. मग बडी रिचने काय करायचं? तो तुफानी वेगासाठी आणि दणदणीत सोलोंसाठी प्रसिद्ध. इथे तो बहुतेक वेळ काड्या बाजूला ठेवून तारांचे ब्रश वापरतो. ब्रशने ड्रमच्या पृष्ठभागावर एक हात गोल फिरवत राहायचा आणि दुसऱ्याने हलके ठोके द्यायचे, असं हे तंत्र आहे. त्यातून येणारी सळसळ सलग असते, ठोक्याला कडा राहत नाही.

ब्राउनचा बास कधी बारमध्ये दोनच स्वर देतो, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. कधी चारही मात्रांवर एकेक स्वर देत चालतो. दोनवरून चारवर गेल्यावर लय वाढली असं वाटतं, प्रत्यक्षात ती तीच असते. झुलत्या लयीत, म्हणजे स्विंगमध्ये, मात्रेचे दोन भाग समान नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड, मध्यम लयीत ढोबळमानाने दोनास एक. लय जलद झाली की दोन्ही भाग समान होऊ लागतात. हे प्रमाण गायक आणि वादक बोलून ठरवत नाहीत, एकमेकांचं ऐकून जुळवतात.

पीटरसनविषयी वेगळं सांगायला हवं. त्याच्या बोटांत अफाट स्वर होते आणि स्वतःच्या तबकड्यांवर त्याने ते सढळ वापरले. इथे तो गायकाची ओळ संपेपर्यंत स्वरसंगती धरून थांबतो आणि मगच छोटीशी ओळ सोडतो. संगत शिकणाऱ्या कोणीही, मग तो हार्मोनियमवाला का असेना, केवळ पीटरसनसाठी ही तबकडी पुन्हा ऐकावी. सगळ्यात संथ गाण्यांपैकी एक, ‘द निअरनेस ऑफ यू’, त्यासाठी उत्तम.

मायक्रोफोनचाही यात हात आहे. १९२५ मध्ये विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी गायकाला भोंग्यात मोठ्याने गावं लागे. मायक्रोफोन आल्यावर कानाशी बोलावं इतक्या हळू गाणं शक्य झालं. शब्दाच्या शेवटचा श्वास, लुईची घशातली खरखर, एलाचे हलके व्यंजनोच्चार हे सगळं इथे ऐकू येतं ते त्यामुळे.

लावताना काय सांभाळायचं

ही तबकडी मोनो आहे. म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरमधून एकच ध्वनी येतो आणि आवाज दोघांच्या बरोबर मध्यभागी उभा राहायला हवा. तो मध्ये न राहता सगळीकडे पसरल्यासारखा वाटत असेल आणि बास पातळ झाला असेल, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या जोडलेल्या असतात. दोन स्पीकरचे पडदे विरुद्ध दिशांना हलतात आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. वायरी सरळ करा, रे ब्राउन परत येईल. मोनो असण्याचा एक फायदाही आहे: एकच चांगला ब्लूटूथ स्पीकर असला तरी काही गमवावं लागत नाही.

मोबाईलच्या अंगच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. डबल बासचा सर्वात खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. फोनचा इवलासा स्पीकर तिथवर पोचूच शकत नाही, त्यामुळे तुम्हाला बासच्या मूळ स्वराबरोबर उमटणारे फक्त वरचे बारीक स्वर ऐकू येतात आणि मोजणीचा आधारच जातो. उलट, स्पीकरवरचं ‘एक्स्ट्रा बास’ बटणही बंद ठेवा. ते ठरावीक स्वरच फुगवतं. चालता बास मग काही पावलं जोरात आणि काही हळू टाकतो आहे असं वाटतं.

मागे बारीक ‘स्स्स’ असा आवाज येत असेल तर तो टेपचा आहे, बिघाड नाही. तो काढून टाकण्यासाठी यंत्राने फार साफसफाई केलेल्या आवृत्तीत ब्रशची सळसळही मरते, कारण दोन्ही ध्वनी जवळपास सारखेच असतात. दोन आवृत्त्या उपलब्ध असतील तर ज्यात ब्रश स्पष्ट आहेत ती घ्या, थोडी खरखर असली तरी. जुनी मोनो तबकडी रेकॉर्ड प्लेयरवर वाजवत असाल आणि अॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबा. मोनो खाचेत संगीत आडव्या हालचालीत असतं, धुळीची बरीचशी खरखर उभ्या हालचालीत. बटण दाबल्यावर उभी हालचाल वजा होते.

अॅपवर ऐकताना शफल बंद, आणि एक गाणं संपण्याआधी दुसरं सुरू करणारी क्रॉसफेडची सोयही शून्यावर आणा. या गाण्यांचे शेवट हळू आहेत. क्रॉसफेड ते खाऊन टाकते. दोघांच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचे एकत्रित संच मिळतात, पण पहिल्यांदा मूळ अकरा गाण्यांचीच यादी लावा. आवाज घरातल्या माणसाच्या साध्या बोलण्याइतका ठेवा. त्याहून कमी केला की कानाला खालचे स्वर आणखी कमी ऐकू येतात आणि मग परत बास हरवतो.

लुईच्या ट्रम्पेटची गोडी लागली तर मुंबईतला एक धागा हाती घेण्यासारखा आहे. गोव्याच्या आल्दोन्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट याला लोक मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात त्याने काम केलं, आणि १९५१च्या ‘अलबेला’तल्या गाण्यांत त्या वळणाचा ट्रम्पेट ऐकता येतो.

आणि याच दोघांचं पुढचं हवं असेल तर ‘एला अँड लुई अगेन’, १९५७. पीटरसन, एलिस आणि ब्राउन तेच. ड्रम्सवर बडी रिचऐवजी लुई बेल्सन. १९ गाण्यांपैकी १२ दोघांची, बाकीची एकेकट्याची. त्यानंतर गर्श्विनच्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरातली गाणी दोघांनी रसेल गार्सियाच्या मोठ्या वाद्यवृंदासह केली. ती भव्य आहेत, पण तिथे चार वादकांमधली ती मोकळी जागा नाही. म्हणून आधी ‘अगेन’, आणि त्यातही आधी दोघांची बारा गाणी.